कोल्डस्ट्रीम गार्ड्स ते ‘अल्स्टर किंग ऑफ आर्म्स’ : कॅप्टन नेव्हिल विल्किन्सन यांची कारकीर्द

दप्तरखाना (धागालेखक)

६ जुलै १९०७ रोजी डब्लिन कॅसलमधील बेडफर्ड टॉवर या इमारतीत एक सोन्याचा कंठा ठेवण्यासाठी शिपायाने तिजोरीला किल्ली लावली, तेव्हा ती आधीच उघडी असल्याचे त्याच्या लक्षात आले. ‘आयर्लंडची राजरत्ने’ या नावाने ओळखला जाणारा ऐवज, म्हणजे ‘ऑर्डर ऑफ सेंट पॅट्रिक’ या सरदारमंडळाच्या प्रमुखासाठी १८३१ मध्ये घडवलेली रत्नजडित तारका आणि पदक, शिवाय त्या मंडळातील सरदारांचे पाच कंठे, आतून नाहीसा झाला होता. राजा सातवा एडवर्ड चारच दिवसांनी डब्लिनमध्ये उतरणार होता आणि त्याच्या हस्ते लॉर्ड कॅसलटाउन यांना या मंडळात विधिपूर्वक प्रवेश दिला जाणार होता. तो समारंभ अर्थातच रद्द झाला. रत्ने आजतागायत सापडलेली नाहीत.

या चोरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आयर्लंडमध्ये अजूनही लिहिले जाते. चोर कोण, हा या धाग्याचा विषय नाही. चोरीनंतर त्या बदनाम झालेल्या कार्यालयाच्या खुर्चीवर जो माणूस बसला आणि पुढची ३२ वर्षे बसून राहिला, त्याच्या कारकिर्दीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. तो माणूस व्यवसायाने सैनिक होता.

आधी पदाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. घराण्यांना, शहरांना आणि संस्थांना कुलचिन्हे बहाल करणे, त्यांच्या नोंदी ठेवणे, वंशावळी तपासून प्रमाणित करणे आणि राजदरबारच्या समारंभात मानाचा क्रम ठरवणे ही कामे ब्रिटिश बेटांवर हेरल्ड नावाचे अधिकारी शतकानुशतके करत आले आहेत. त्यांतील सर्वांत वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्याला ‘किंग ऑफ आर्म्स’ म्हणतात. आयर्लंडसाठी हे पद १५५२ मध्ये सहाव्या एडवर्डने निर्माण केले आणि त्याचे नाव ‘अल्स्टर किंग ऑफ आर्म्स’ असे पडले. नावात अल्स्टर (आयर्लंडचा उत्तरेकडील प्रांत) असले तरी अधिकार संपूर्ण आयर्लंडवर होता आणि कार्यालय डब्लिनमध्येच होते. १७८३ मध्ये सेंट पॅट्रिक मंडळ स्थापन झाल्यावर त्याचे दप्तर आणि त्याची भूषणे सांभाळण्याची जबाबदारीही याच अधिकाऱ्याकडे आली.

१९०७ मध्ये या पदावर सर आर्थर व्हिकर्स होते. वंशावळींचे ते खरे जाणकार होते, यात शंका नाही. परंतु ऐवज सांभाळण्याच्या बाबतीत त्यांच्या कार्यालयाची स्थिती कोणत्याही जबाबदार माणसाला अस्वस्थ करील अशी होती. मंडळाच्या १९०५ च्या नियमांप्रमाणे रत्ने मजबूत खोलीतील तिजोरीत असायला हवी होती. प्रत्यक्षात तिजोरी त्या खोलीच्या दारातून आत जात नव्हती, म्हणून ती ग्रंथालयाच्या खोलीत ठेवली होती. ३ जुलैच्या सकाळी सफाई करणाऱ्या बाईंना इमारतीचे बाहेरचे दार उघडे मिळाले आणि ६ जुलैच्या सकाळी मजबूत खोलीचे दारही उघडे मिळाले. दोन्ही वेळा व्हिकर्स यांना ते कळवण्यात आले आणि दोन्ही वेळा त्यांनी तिजोरी उघडून पाहिली नाही. जानेवारी १९०८ मध्ये न्यायाधीश शॉ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने त्यांनी पुरेशी दक्षता बाळगली नाही असा निष्कर्ष काढला आणि व्हिकर्स यांना पदावरून दूर करण्यात आले.

त्यांच्या जागी आले कॅप्टन नेव्हिल रॉडवेल विल्किन्सन. जन्म १८६९, शिक्षण हॅरो आणि सँडहर्स्ट, १८९० पासून कोल्डस्ट्रीम गार्ड्स या जुन्या पलटणीत अधिकारी, आणि १८९९–१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात प्रत्यक्ष सेवा. इथपर्यंतचा आलेख त्या काळातील शेकडो अधिकाऱ्यांसारखाच आहे. वेगळेपण पुढे दिसते. लंडनमध्ये तैनात असताना हा अधिकारी साउथ केन्सिंग्टनच्या सरकारी कलाशाळेत जाऊन चित्रकला शिकत होता आणि पुढे तो चांगला कोरीवचित्रकार म्हणून ओळखला गेला. १९०३ मध्ये त्यांचा विवाह पेम्ब्रोकच्या अर्लची मुलगी लेडी बिआट्रिक्स हर्बर्ट यांच्याशी झाला. विल्टन हाउस या त्या घराण्याच्या वाड्यातील चित्रसंग्रहाची सूची विल्किन्सन यांनी तयार केली आणि ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांनी लष्करातून निवृत्ती घेतली.

या सूचीचे महत्त्व मला फार वाटते. शेकडो चित्रे पाहायची, त्यांतील माणसे कोण हे ठरवायचे, त्यांचे आपसातील नाते शोधायचे, कागदपत्रे ताडून पाहायची आणि सगळे एका शिस्तीत मांडायचे, हे काम हेरल्डच्या कामाच्या अगदी जवळचे आहे. सैन्यातून बाहेर पडलेला एक अधिकारी वशिल्याने एका शोभेच्या पदावर चढला, असे जे ढोबळ चित्र रंगवले जाते, ते या सूचीकडे पाहिल्यावर अपुरे ठरते.

पहिली मोठी कसोटी जुलै १९११ मध्ये आली. राज्याभिषेकानंतर पाचवा जॉर्ज डब्लिनला आला आणि सेंट पॅट्रिक मंडळात लॉर्ड किचनर व शाफ्ट्सबरीचे अर्ल यांना प्रवेश देण्यात आला. भारताचे सरसेनापती म्हणून लॉर्ड कर्झनशी झालेल्या संघर्षामुळे किचनर आपल्याला परिचित आहेत. चार वर्षांपूर्वी ज्या कार्यालयामुळे राजाचा समारंभ रद्द करावा लागला होता, त्याच कार्यालयाने हा समारंभ निर्विघ्न पार पाडला. ब्रिटिश अमलाखालील डब्लिनमध्ये राजाच्या उपस्थितीत झालेला असा समारंभ पुन्हा कधी झाला नाही, कारण त्यानंतर कोणताही राजा तेथे राज्यकर्ता म्हणून आला नाही.

पहिल्या महायुद्धात विल्किन्सन पुन्हा लष्करी सेवेत गेले. १९१६ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावात बंडखोरांनी डब्लिन कॅसलच्या प्रवेशद्वारावर हल्ला चढवला. बेडफर्ड टॉवर तेथून काही पावलांवर आहे. आयर्लंडची फाळणी झाल्यावर २२ जून १९२१ रोजी राजाने बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडच्या संसदेचे उद्घाटन केले. १६ जानेवारी १९२२ रोजी डब्लिन कॅसल आयरिश नेते मायकेल कॉलिन्स यांच्या हाती सोपवण्यात आला. लष्कर गेले, पोलीस गेले, व्हाइसरॉय गेला, सचिवालय गेले. अल्स्टर किंग ऑफ आर्म्सचे कार्यालय मात्र तेथेच राहिले! ब्रिटिश राजाने नेमलेला हा अधिकारी स्वतंत्र आयरिश राज्याच्या राजधानीत, त्याच इमारतीत, आणखी १८ वर्षे, म्हणजे डिसेंबर १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत पदावर होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की विल्किन्सन यांच्या कारकिर्दीचे मोल त्यांनी किती कुलचिन्हे बहाल केली यात शोधू नये. दोन वेळा मोडकळीला येऊ शकले असते असे एक दप्तर त्यांनी अखंड ठेवले: एकदा चोरीच्या बदनामीतून आणि एकदा राज्य बदलताना. आलेला ऐवज मोजून घ्यायचा, आपल्या जागेवर ठाम उभे राहायचे आणि पुढच्याच्या हाती तो पूर्ण सोपवायचा, ही पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याची वृत्ती आहे, आणि ती त्यांनी गार्ड्सच्या पलटणीतून या कार्यालयात आणली असे मला वाटते. जाणकारांची मते वाचायला आवडतील.

---

तटबंदी

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. विल्किन्सन यांची निवड त्यांच्या लष्करी किंवा कलाविषयक गुणांमुळे झाली असे मानण्यास आधार कमी आहे. पेम्ब्रोकचे अर्ल हे डब्लिनच्या दक्षिण भागातील फार मोठे जमीनदार होते. मेरियन चौकाचा परिसर त्यांच्याच जमिनीवर वसलेला आहे. जावई झाल्यावर विल्किन्सन त्याच जहागिरीतील माउंट मेरियन हाउस येथे राहू लागले. चोरीच्या प्रकरणात व्हिकर्स यांच्या हाताखालच्या मंडळींवर शिंतोडे उडाले होते. त्यांतील ‘डब्लिन हेरल्ड’ या पदावरील फ्रान्सिस शॅकल्टन हे ध्रुवप्रदेशाचे संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांचे बंधू, आणि पुढे ते एका वेगळ्या फसवणुकीच्या प्रकरणात तुरुंगात गेले. अशा वेळी सरकारला प्रतिष्ठित घराण्याशी संबंधित, बाहेरचा आणि स्वच्छ माणूस हवा होता. तो मिळाला, एवढेच.

दुसरे म्हणजे, कार्यालयातील प्रत्यक्ष काम कोणी केले? थॉमस युलिक सॅडलियर यांचे नाव आपल्या लेखात कोठेही नाही, याचे आश्चर्य वाटते. १९१३ पासून ते कार्यालयाचे रजिस्ट्रार होते, आणि वंशावळींचे संशोधन, पत्रव्यवहार, नोंदवह्या हे सगळे त्यांच्या हातून होत असे. उत्तर आयर्लंडसाठी १९२४ मध्ये जे राजचिन्ह मंजूर झाले, पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल क्रूस, मध्ये षट्कोनी तारा, त्यात लाल पंजा आणि वर मुकुट, त्याचा आराखडाही सॅडलियर यांचाच. वरिष्ठ प्रवासात आणि कनिष्ठ कामात, अशी ही व्यवस्था होती. मग अखंड दप्तर राखल्याचे श्रेय कोणाला द्यायचे?

---

मोडीवाचक

वरील वादात पडण्यापूर्वी त्या दप्तरात नेमके काय होते ते सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून ‘दप्तर राखले’ या विधानाचे वजन वाचकाला कळणार नाही.

३० जून १९२२ रोजी, आयरिश यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयीन संकुलात प्रचंड स्फोट झाला आणि तेथील सार्वजनिक अभिलेखागार जळून गेले. मध्ययुगापासूनचे न्यायालयीन आणि प्रशासकीय कागद, मृत्युपत्रे, एकोणिसाव्या शतकातील अनेक जनगणनांची मूळ पत्रके आणि चर्चच्या असंख्य नोंदवह्या एका दिवसात नष्ट झाल्या. जळका कागद शहरभर उडत होता, असे वर्णन त्या वेळच्या अनेकांनी केले आहे.

आता बेडफर्ड टॉवरकडे पाहू. १८२० ते १८५३ या काळात अल्स्टर किंग ऑफ आर्म्स असलेल्या सर विल्यम बेथम यांनी आयर्लंडच्या वरिष्ठ न्यायालयात नोंदलेल्या मृत्युपत्रांतून वंशावळीविषयक टिपणे काढून घेतली होती. मृत्युपत्र करणारा कोण, त्याची बायको, मुले, भाऊबंद, गाव, साल, असा तो मजकूर आहे. मूळ मृत्युपत्रे १९२२ मध्ये जळाली. बेथम यांच्या वह्या कॅसलमध्ये होत्या म्हणून वाचल्या, आणि अठराव्या शतकातील आयरिश घराण्यांचा शोध घेणारा प्रत्येक अभ्यासक आज त्यांच्याशी येऊन थांबतो.

आपल्याकडे मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणारा माणूस अस्सल कागद आणि नक्कल यांत काटेकोर भेद करतो, आणि ते योग्यच आहे. पण अस्सल नाहीसे झाले की चांगल्या हाताची नक्कल हेच साधन उरते. वतनाच्या वादांत पक्षकारांनी सादर केलेल्या वंशावळी आणि त्यांवरचे महजर (निवाडापत्रे) जर पुण्याच्या पेशवे दप्तरात शिल्लक नसते, तर महाराष्ट्रातील कितीतरी देशमुख-कुलकर्णी घराण्यांचा तीनशे वर्षांचा इतिहास आज सांगताच आला नसता. पेशवाई संपली तेव्हा कागदांचे हे रुमाल (गाठोडी) पुण्यात राहिले, जळाले नाहीत आणि विकलेही गेले नाहीत, याचे महत्त्व ज्यांनी तेथे बसून कागद वाचले आहेत त्यांना सांगावे लागत नाही. म्हणून मला विल्किन्सन यांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा वाटतो: १९२२ मध्ये, सगळी ब्रिटिश खाती आवरून निघत असताना, हे दप्तर गाशा गुंडाळून लंडनला का नेले गेले नाही?

---

दप्तरखाना

मोडीवाचक, आपला प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागते. कायद्याच्या बाजूने पाहता सन्मान, पदव्या आणि कुलचिन्हे हा राजाचा स्वतःचा अधिकार मानला जात होता आणि हा अधिकारी संपूर्ण बेटाचा होता; दोन राज्ये झाल्यावर तो कोणत्या सरकारचा, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी तातडीने सोडवला नाही. ब्रिटिश सरकारला वाटत होते की डब्लिनमधील कार्यालय चालू राहणे म्हणजे राजाचा संपूर्ण आयर्लंडशी असलेला एक धागा शिल्लक राहणे. आयरिश सरकारपुढे त्याहून निकडीची कामे होती. व्यवहाराच्या बाजूने पाहता, जगभर पसरलेले आयरिश वंशाचे लोक आपले मूळ शोधत याच इमारतीत येत होते आणि आयरिश दप्तर आयर्लंडमध्ये असणेच स्वाभाविक होते.

येथे माणसाचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. या पदावर एखादा कडवा राजनिष्ठ असता, तर नव्या राज्याशी खटके उडाले असते आणि कार्यालय दोन-तीन वर्षांत हलवावे लागले असते. विल्किन्सन यांनी नव्या राज्यकर्त्यांशी संघर्ष केला नाही आणि आपले पदही सोडले नाही.

तटबंदी, सॅडलियर यांच्याविषयीचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्यांच्यावाचून नोंदवह्या एक पानही पुढे सरकल्या नसत्या. परंतु दैनंदिन काम करणारा आणि कार्यालयाचे अस्तित्व टिकवणारा, हे दोन माणसे असू शकतात. कोणत्याही पलटणीत सुभेदार-मेजर सगळे जाणतो आणि सगळे चालवतो. तरीही पलटण विसर्जित करावी की नाही या प्रश्नाला सामोरे जाण्याची वेळ कमांडिंग ऑफिसरवर येते.

---

शिक्कामोर्तब

लष्करी अधिकारी आणि हेरल्ड यांच्या नात्याचा एक भारतीय पैलू येथे नोंदवतो, कारण त्याच्याशी तुलना केल्यास विल्किन्सन यांचे वेगळेपण स्पष्ट होईल.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात राणी व्हिक्टोरिया यांना भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा जाहीरनामा वाचण्यासाठी बंगाल लान्सर्सचे मेजर बार्न्स यांना मुख्य हेरल्ड नेमले होते. उंचापुरा बांधा आणि दणदणीत आवाज ही त्यांची मुख्य पात्रता. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात हेच काम ब्रिगेडियर-जनरल पेटन यांनी ‘दिल्ली हेरल्ड’ म्हणून केले आणि उर्दू जाहीरनामा पंजाबातील मलिक उमर हयात खान तिवाना यांनी वाचला. हे सगळे लष्करातले लोक होते, पण त्यांचे हेरल्डपण समारंभापुरते होते. झगा उतरवला की ते पुन्हा आपल्या पलटणीत परत जात. विशेष म्हणजे १८७७ च्या दरबारासाठी संस्थानिकांना दिलेल्या निशाणांवरची कुलचिन्हे ज्यांनी आखली ते रॉबर्ट टेलर सैनिक नव्हते, बंगालच्या मुलकी सेवेत होते. म्हणजे आवाज लष्कराचा आणि अभ्यास मुलकी अधिकाऱ्याचा अशी येथे फाळणी झाली होती. टेलर यांनी आखलेली चिन्हे आपल्याकडच्या संस्थानांनीही स्वीकारली आणि पुढे आपल्या शिक्क्यांवर व इमारतींवर वापरली.

याउलट स्कॉटलंडचे कॅप्टन जॉर्ज स्विंटन पाहावेत. त्यांची कारकीर्द विल्किन्सन यांच्याशी समांतर आहे आणि तिचा भारताशी थेट संबंध आहे. लष्करातून बाहेर पडल्यावर १९०१ मध्ये ते स्कॉटलंडच्या हेरल्ड कार्यालयात ‘मार्च पर्सिव्हंट’ या कनिष्ठ पदावर आले, १९२३ मध्ये ‘ऑल्बनी हेरल्ड’ झाले आणि १९२७ ते १९२९ या काळात ‘लॉर्ड लायन किंग ऑफ आर्म्स’, म्हणजे स्कॉटलंडचे सर्वोच्च हेरल्ड होते. मधल्या काळात ते लंडन काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि नवी दिल्ली कोठे वसवावी हे ठरवणाऱ्या १९१२ च्या नगररचना समितीचे अध्यक्षही तेच होते. एडविन लट्येन्स आणि जॉन ब्रॉडी हे त्या समितीचे सदस्य. उत्तरेकडील दरबाराच्या जागेऐवजी रायसीना टेकडीचा परिसर निवडला जाण्यात या समितीचा मोठा वाटा होता. आज राष्ट्रपती भवन जेथे उभे आहे ती जागा निवडणाऱ्या समितीचा अध्यक्ष एक हेरल्ड होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

स्विंटन पायरी पायरीने वर गेले. विल्किन्सन थेट शिखरावर आले. या दृष्टीने तटबंदी यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. लष्करात सेकंड लेफ्टनंटला एकदम कर्नल करत नाहीत, हे स्वतः विल्किन्सन यांनाही ठाऊक असणार.

---

पैलतीर

मी गेली काही वर्षे डब्लिनमध्ये राहत आहे, म्हणून जागेविषयी दोन शब्द लिहिते. बेडफर्ड टॉवर आजही कॅसलच्या वरच्या चौकात उभा आहे. घड्याळाचा मनोरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन कमानी, अशी ती रचना आहे. त्यांतील एका कमानीवर न्यायदेवतेचा पुतळा आहे. तिचे तोंड कॅसलकडे आणि पाठ शहराकडे आहे, यावरून डब्लिनकरांनी इंग्रजांच्या न्यायाविषयी जे म्हणायचे ते पुष्कळ वर्षे म्हणून घेतले. चौकात उभे राहिले की लक्षात येते की येथून चोरी करणे किती धाडसाचे होते, कारण पहारेकऱ्यांची चौकी आणि पोलिसांची कार्यालये हाकेच्या अंतरावर होती.

हेरल्ड कार्यालय १९८१ पर्यंत याच इमारतीत होते. आता ते किल्डेअर स्ट्रीटवर राष्ट्रीय ग्रंथालयाचा भाग म्हणून आहे आणि जुन्या नोंदवह्या तेथेच आहेत. आयर्लंड प्रजासत्ताक असूनही तेथे ‘चीफ हेरल्ड’ हे सरकारी पद आहे, आणि नगरपालिका, शाळा, विद्यापीठे व सामान्य नागरिकही कुलचिन्हासाठी तेथे अर्ज करतात. वसाहतीच्या काळात सुरू झालेले कार्यालय प्रजासत्ताकाने बंद न करता आपले म्हणून चालवले. मूळ लेखातील ‘पुढच्याच्या हाती पूर्ण सोपवणे’ हा मुद्दा मला म्हणून पटतो.

एक विचारायचे होते. विल्किन्सन यांचे नाव मी प्रथम ऐकले ते ‘टायटानियाज पॅलेस’ या लघुप्रासादामुळे. त्याचा लेखात उल्लेख नाही. तो मुद्दाम टाळला आहे का?

---

दप्तरखाना

पैलतीर, त्या प्रासादाविषयी स्वतंत्रपणे लिहिण्याचा विचार होता, परंतु प्रश्न आला आहे तर येथेच लिहितो.

माउंट मेरियनच्या बागेत एका झाडाखाली परी दिसल्याचे विल्किन्सन यांच्या लहानग्या ग्वेंडोलेनने त्यांना सांगितले आणि परीराणीला राहण्यासाठी घर हवे असा आग्रह धरला. त्यातून १९०७ मध्ये, म्हणजे चोरीच्याच वर्षी, या लघुप्रासादाची कल्पना जन्मली. डब्लिनच्या जेम्स हिक्स यांच्या सुतारकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात एका फुटाला एक इंच या प्रमाणात त्याचे लाकूडकाम झाले. १८ दालने, सुमारे ३,००० वस्तू आणि १५ वर्षांचे काम. भिंतींवरची आणि छतांवरची चित्रे विल्किन्सन यांनी स्वतः काढली. भिंगाखाली, रंगाचा एकेक सूक्ष्म ठिपका देत, मोज़ेकचा भास व्हावा अशी त्यांची पद्धत होती. ६ जुलै १९२२ रोजी राणी मेरी यांच्या हस्ते लंडनमध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि पुढे तो अपंग व निराधार मुलांच्या संस्थांना निधी मिळावा म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत फिरला. १९६७ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये त्याची विक्री झाली. दुसऱ्या वेळी डेन्मार्कच्या लेगो कंपनीने तो घेतला, आणि सध्या तो त्याच देशात एगेस्कोव्ह किल्ल्यात पाहता येतो.

हा छंद आणि व्यवसाय यांत मी फारसा भेद करत नाही. कुलचिन्हाच्या सनदेवर बोटभर जागेत सिंह, हरिण, मुकुट आणि वेली नियमाबरहुकूम रंगवाव्या लागतात, आणि त्यांत एक रंग चुकला तर ते दुसऱ्याच घराण्याचे चिन्ह होते. त्या हाताची सवय प्रासादात दिसते.

---

तटबंदी

येथे मला पुन्हा आक्षेप घ्यावासा वाटतो, आणि तो कटू वाटला तरी नोंदवणे आवश्यक आहे. फोर कोर्ट्समधील अभिलेखागार ३० जून १९२२ रोजी जळाले. त्यानंतर सहाच दिवसांनी आयर्लंडच्या सर्वोच्च हेरल्डचा लघुप्रासाद लंडनमध्ये खुला होत होता. नंतरच्या वर्षांत तो देशोदेशी फिरत राहिला आणि त्याच्यामुळे विल्किन्सन यांचेही डब्लिनबाहेर राहणे वाढले. ज्या कार्यालयाकडे आयरिश वंशावळींचा उरलासुरला आधार होता, त्याच्या प्रमुखाने अशा वेळी जागेवर असायला हवे होते, असे मला वाटते. जळालेल्या दप्तराची पोकळी भरून काढण्यासाठी खासगी संग्रहांतील नकला गोळा करण्याची मोठी मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहू शकली असती. त्या काळात ते काम ज्यांनी केले ते अभिलेखागारातील अधिकारी, आपापल्या टिपणवह्या उघडणारे वकील आणि खासगी संशोधक होते.

---

मोडीवाचक

तटबंदी यांच्या या प्रतिसादातील दुखणे खरे आहे. मी स्वतः नकलांवर काम करतो, त्यामुळे हुकलेल्या संधीची किंमत मला कळते. तरीही एक नोंद. व्हिकर्स यांनी १८९७ मध्ये आयर्लंडच्या वरिष्ठ न्यायालयातील १५३६ ते १८१० या काळातील मृत्युपत्रांची नामसूची प्रसिद्ध केली होती. मूळ कागद जळाल्यावर कोणाचे मृत्युपत्र अस्तित्वात होते हे सांगणारी तीच सूची उरली. म्हणजे ज्या माणसाला निष्काळजीपणासाठी काढले, त्याच्या अभ्यासाने आयर्लंडचा इतिहास काही अंशी वाचवला. आणि ज्या माणसाला सांभाळण्यासाठी आणले, त्याच्याकडून त्या तोडीचे संशोधन झाले नाही. दोघांनाही न्याय देताना हे समोर ठेवले पाहिजे. व्हिकर्स यांचा शेवट तर फारच दुःखद झाला. १४ एप्रिल १९२१ रोजी केरी परगण्यातील किलमोर्ना येथे बंडखोरांनी त्यांचे घर जाळले आणि त्यांना गोळ्या घालून ठार केले.

विद्वान पण ढिला अधिकारी चांगला, की शिस्तीचा पण संशोधन न करणारा? अभिलेखागारात जन्म घालवलेल्या कोणालाही विचारले तर दोन्ही हवेत असेच तो म्हणेल. विल्किन्सन आणि सॅडलियर यांच्या जोडीत ते दोन्ही काही प्रमाणात एकत्र आले होते, असे माझे मत आहे.

---

दप्तरखाना

मोडीवाचक यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, आणि तटबंदी यांचा आक्षेपही मला खोडून काढता येत नाही. १९२२ नंतर नकला गोळा करण्याची मोहीम या कार्यालयाने काढली नाही, ही त्या कारकिर्दीतील खरी उणीव आहे.

पुढचा इतिहास सांगून माझ्याकडून पूर्णविराम देतो. २२ डिसेंबर १९४० रोजी डब्लिनमध्ये विल्किन्सन यांचे निधन झाले. त्यानंतर नवा अल्स्टर नेमला गेला नाही. सॅडलियर यांनी तात्पुरता कारभार पाहिला. दोन्ही सरकारांत वाटाघाटी होऊन १ एप्रिल १९४३ रोजी कार्यालय आयरिश राज्याकडे आले. ब्रिटिशांकडून हस्तांतरित झालेले ते अखेरचे खाते होते. एडवर्ड मॅक्लायसॅट हे त्याचे पहिले आयरिश प्रमुख झाले, आणि १९४५ मध्ये खुद्द आयरिश राज्याचे वीणेचे चिन्ह त्याच कार्यालयाच्या नोंदवहीत दाखल झाले. मूळ दप्तर डब्लिनमध्येच राहिले. लंडनला नकला करून घेण्याची मुभा मिळाली. ‘अल्स्टर’ ही पदवी मात्र इंग्लंडच्या ‘नॉरॉय’ या किंग ऑफ आर्म्सच्या पदाला जोडण्यात आली, आणि ‘नॉरॉय अँड अल्स्टर’ हे संयुक्त पद प्रथम सर अल्गर हॉवर्ड यांच्याकडे गेले. तेही पहिल्या महायुद्धात लढलेले, मिलिटरी क्रॉसचे मानकरी होते. त्यांच्यावर आणि शिक्कामोर्तब यांनी सांगितलेल्या स्विंटन यांच्यावर कोणी स्वतंत्र धागा काढल्यास अवश्य वाचेन. विशेषतः दिल्ली समितीच्या कामकाजाविषयी मराठीत फारच कमी लिहिले गेले आहे.